विमानाला नजर लागायला हवी

गेल्या शनिवारी भोसरी एमआयडीसीतल्या एका गाळ्यात दोन तास उकिडवा बसून मी रिव्हेट तपासले. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात छोटी गेज, आणि समोर दोन घोड्यांवर आडवं ठेवलेलं विमानाचं शेपूट. शेपूट म्हणजे शेपटाचासुद्धा फक्त आडवा भाग. बाकीचं विमान अजून नाही. कदाचित कधी असणारही नाही, पण त्याबद्दल पुढे.

शेपूट आमच्या शेठचं आहे. कॉलेजपासून आम्ही त्याला शेठ म्हणतो, कारण कँटीनची उधारी त्याच्या नावावर असायची. मी हिंजवडीत येऊन कीबोर्ड बडवायला लागलो, त्याने भोसरीत टूलरूम टाकली. प्रेसटूल बनवतो, गाड्यांच्या कंपन्यांना देतो, पोटापुरतं (आणि पोट सुटेपर्यंत) कमावतो. वय त्रेपन्न. लहानपणी बाल्साच्या लाकडाची विमानं उडवायचा, ती हौस गेली नाही. दोन वर्षांपूर्वी त्याने अमेरिकेतल्या भाच्याकरवी दोन आसनी विमानाच्या शेपटाचं किट मागवलं. हे असंच विकतात तिकडे. आधी शेपूट, जमलं तर पंख, मग धड, सगळ्यात शेवटी इंजिन. माणूस किती टिकतो ते शेपटावरच कळतं म्हणे.

तुम्ही म्हणाल, हा काय वेडेपणा. पुण्याच्या माणसाने विमान बांधायचं? मला स्वतःला त्यात वेडेपणा वाटत नाही. किटमधलं विमान बांधणं म्हणजे मुख्यतः पत्राकाम. अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा, त्याच्या आत रिब आणि स्पार, आणि ते सगळं धरून ठेवणारे दहा-पंधरा हजार रिव्हेट. एक माणूस बाहेरून गन मारतो, दुसरा आतून लोखंडाचा ठोकळा धरतो. त्याला बकिंग बार म्हणतात. साधारण दोन हजार तासांचं काम धरा. दर आठवड्याला आठ तास दिले तर अडीचशे आठवडे, म्हणजे पाच वर्षं. गणपती, दिवाळी, लग्नं आणि सासूबाईंचं मोतीबिंदू धरून सात. भोसरी-चिंचवडमध्ये हे काम हसत करतील अशी हजार माणसं सहज मिळतील. शेठचं म्हणणं असं, की पत्रा वाकवायला कोण घाबरतं?

पण मला जे सांगायचंय ते पत्र्याबद्दल नाहीच. ते त्या दोन तासांबद्दल आहे.

झालं असं की, मार्च महिन्यात मी असाच सहज गाळ्यावर गेलो होतो. शेठने कौतुकाने शेपूट दाखवलं. मी पत्राकामातला ढ, पण वीस वर्षं दुसऱ्यांचा कोड वाचून चुका काढण्याची सवय आहे, आणि किटबरोबर आलेलं पुस्तक मी आदल्या आठवड्यात हौसेने वाचून काढलं होतं. त्यात एक सोपा नियम आहे. रिव्हेटच्या भोकाचा मध्य पत्र्याच्या कडेपासून रिव्हेटच्या व्यासाच्या निदान दुप्पट अंतरावर हवा. एक सुताचा रिव्हेट असेल तर कडेपासून दोन सूत. मागच्या स्पारवर एका ठिकाणी मला ते अंतर कमी दिसलं. व्हर्नियर लावला. कमीच होतं. शेठला विचारलं तर तो आधी गप्प बसला, मग म्हणाला, "एक रिव्हेट वाकडा बसला होता. ड्रिल करून काढताना ड्रिल सरकलं. भोक इंग्रजी आठसारखं झालं, म्हणून वरच्या साइजचा घातला. काही होत नाही रे, बाजूला सात आहेत."

मी म्हटलं, होत नसेलही. पण तुला कसं कळलं होत नाही ते?

यावर आमचं भांडण झालं. खरंखुरं, आवाज चढवून. त्याची पोरं मशिनं थांबवून बघायला लागली. तीस वर्षं धातूत हात घातलेल्या माणसाला कॉम्प्युटरवाल्याने शिकवायचं, हे त्याला लागलं, आणि लागणं साहजिक होतं. पंधरा दिवस फोन नाही. मग एका रात्री साडेदहाला त्याचा मेसेज आला: "स्पार काढला. नवीन मागवलाय." बस, एवढंच.

तेव्हापासून मी दर महिन्याला तपासायला जातो. माझी लायकी काय? शून्य. पण दुसरं कोणी नाही. माझी तक्रार नेमकी तिथे आहे.

आपल्याकडे घरी विमान बांधणाऱ्याची गोष्ट म्हटली की कॅप्टन अमोल यादव यांचं नाव येतं, आणि ते यायलाच हवं. कांदिवलीत चारकोपला राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं. सामान जिन्याने वर नेलं, विमान क्रेनने खाली उतरवलं, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते वांद्रे-कुर्ला संकुलात लोकांसमोर मांडलं. त्यांनी नोंदणीसाठी अर्ज केला होता २०११ मध्ये. मधल्या काळात नियम बदलले. नोंदणी मिळाली नोव्हेंबर २०१७ मध्ये, तीही मुख्यमंत्र्यांनी लक्ष घातल्यावर, आणि विमानाचं नाव पडलं व्हीटी-एनएमडी. उडवण्याचा परवाना ऑक्टोबर २०१९ मध्ये आला. २०२० च्या ऑगस्टमध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर त्याच्या चाचण्या झाल्या. (नोंदणी आणि उडण्याचा परवाना यात गल्लत करू नका. पहिली म्हणजे आरटीओची नंबरप्लेट. दुसरं म्हणजे पासिंग.)

ही गोष्ट आपण कशी सांगतो? एक जिद्दी मराठी माणूस विरुद्ध लाल फीत. मध्ये कर्ज, घरच्यांनी दिलेली साथ, शेवटी थेट पंतप्रधानांची भेट. सिनेमाच तयार आहे. मीही ही गोष्ट तशीच सांगत आलोय, आणि सांगताना छाती फुगतेच. पण भोसरीतल्या त्या स्पारनंतर मला ती सांगताना अडखळायला होतं.

समजा मी त्या सरकारी टेबलाच्या पलीकडे बसलेला अधिकारी आहे. समोर एक माणूस आलाय. त्याने स्वतः आराखडा काढून, स्वतः गच्चीवर बांधलेलं, सहा माणसं बसतील असं विमान आहे. त्याच्या आधी या वाटेने कोणी गेलेलं नाही. बांधताना मधल्या टप्प्यांवर सरकारने मान्य केलेल्या कोणी ते पाहिलेलं नाही, कारण तसं पाहायला येणारं कोणी आपल्याकडे नाहीच. आता सगळं बंद झाल्यावर मला म्हणतायत, सही करा. मी करेन? खरं सांगतो, मी फाईल खाली ठेवेन. सही केली आणि विमान पडलं तर माझं नाव, नाही केली तर कोणाचंच नाव नाही. यात अधिकारी दुष्ट असण्याची गरजच नाही. टेबलावरचा सगळ्यात सुरक्षित निर्णय म्हणजे निर्णय न घेणं, एवढंच. त्या आठ वर्षांचा दोष मी माणसांना देत नाही. मधली पायरीच नाही, हा दोष आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये राज्य सरकारने यादवांच्या कंपनीशी पालघर जिल्ह्यात विमान कारखाना काढण्यासाठी पस्तीस हजार कोटींचा सामंजस्य करार केला. म्हणजे बघा, गच्चीवरून उडी थेट पस्तीस हजार कोटींवर! आणि शेठसारख्या माणसाला, ज्याला कारखाना नकोय, फक्त रविवारी बारामतीच्या आकाशात एक चक्कर मारायचीय, त्याला काहीच नाही.

२००६ साली कंपनीने मला चार महिन्यांसाठी शिकागोला पाठवलं होतं. जुलैच्या शेवटी एका सहकाऱ्याने मला गाडीत घालून विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशला नेलं. हौशी विमानवाल्यांची ही जत्रा. तिच्यामागची संस्था १९५३ मध्ये मिलवॉकीत सुरू झाली, आणि आता त्या आठवड्यात तिथे दहा हजारांच्या घरात विमानं उतरतात. मला वाटलं होतं तिथे थोर संशोधक वगैरे भेटतील. भेटले ते निवृत्त प्लंबर, दातांचे डॉक्टर, शाळामास्तर. पंखाखाली तंबू ठोकून बसलेले, सँडविच खाणारे. चक्क कंटाळवाणी मध्यमवर्गीय माणसं. पुण्यात हीच मंडळी टेकडीवर फिरायला जातात किंवा बोन्साय करतात.

तिथला कायदा गमतीशीर आहे. विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने, शिकण्यासाठी किंवा करमणुकीसाठी स्वतः केलं असेल, तर ते 'एक्सपेरिमेंटल' वर्गात बसतं. विमानावर हा शब्द दोन इंची अक्षरात लिहावा लागतो. आत प्रवाशाला दिसेल अशी पाटी लावावी लागते, की बाबा रे, हे हौशी माणसाने बांधलंय, नेहमीच्या विमानाचे सुरक्षेचे नियम याला लागू नाहीत. पहिले पंचवीस ते चाळीस तास ठरवून दिलेल्या भागातच उडवायचं, माणसांना फिरवायला न्यायचं नाही. आणि ज्याने बांधलं त्याला त्याच एका विमानाची वार्षिक तपासणी करण्याचा दाखला मिळतो. कायदा म्हणतो, तूच बांधलंस ना, मग तुझ्याइतकं त्याला कोण ओळखतं? तूच देखभाल कर.

पण मला सर्वांत जास्त आवडली ती गोष्ट कायद्यात नाही. त्या संस्थेचे स्वयंसेवक आहेत. तुम्ही फोन केलात की ते फुकट तुमच्या गॅरेजमध्ये येतात, कॉफी पितात आणि तुमचं काम बघतात. बंद करायच्या आधी. पंखाचा पत्रा एकदा रिव्हेट केला की आतलं पुन्हा दिसत नाही, म्हणून आधी. ते पास-नापास करत नाहीत. फक्त म्हणतात, इथली लॉकवायर उलटी फिरवलीयस, नट ढिला होताना ती घट्ट व्हायला हवी. इंग्लंडमध्ये याच्या पुढची पायरी आहे. तिथे हौशी विमानवाल्यांच्या संघटनेचे निरीक्षक टप्प्याटप्प्यावर सही करतात, आणि सरकारी खातं त्या सह्या मानतं. केरळच्या एका इंजिनियरने कोव्हिडच्या काळात तिथे किटमधून चार आसनी विमान बांधलं आणि बायकोमुलींना घेऊन युरोपात फिरला, हे २०२२ मध्ये आपल्या पेपरांनी पहिल्या पानावर छापलं. 'भारतीयाची कमाल' वगैरे. कमाल होतीच. पण तो माणूस कोचीत असता तर?

आपल्या भाषेत नजर लागणं वाईट. नव्या गाडीला लिंबू-मिरची, बाळाला काजळाची तीट. विमानाचं उलटं आहे. त्याला दुसऱ्याची नजर लागली नाही तर ते पडतं.

अतिशयोक्ती वाटत असेल तर जॉन डेन्व्हरचं ऐका. तोच, गिटारवाला, आमच्या हॉस्टेलवर ज्याच्या कॅसेट झिजल्या तो. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ त्याचं 'लाँग-ईझी' विमान समुद्रात कोसळलं. विमान हौशी माणसाने बांधलेलं होतं, डेन्व्हरने ते नुकतंच विकत घेतलं होतं. मूळ आराखडा बर्ट रुटान या नावाजलेल्या माणसाचा. त्यात इंधनाची टाकी बदलायचा खटका वैमानिकाच्या पायांच्या मध्ये, समोर. बांधणाऱ्याने तो हलवून वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवला. हेतू वाईट नव्हता, इंधनाची नळी कॉकपिटमध्ये नको एवढाच. पण आता खटका फिरवायचा तर मान मागे वळवायची, उजवा हात डाव्या खांद्यावरून न्यायचा, आणि तसं करताना उजवा पाय आपोआप रडरच्या पॅडलवर दाबला जातो. खटका घट्ट होता. उड्डाणाआधी डेन्व्हरने आणि एका तंत्रज्ञाने त्याला पक्कड लावून हात पोचतो का हेही करून पाहिलं. पोचत नव्हता. आणि डेन्व्हर तसाच उडाला.

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही याला वापरसुलभतेची चूक म्हणतो, तिकीट लिहितो आणि पुढच्या रिलीजला ढकलतो. विमानाला पुढचं रिलीज नसतं.

अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने २०१२ मध्ये हौशी विमानांचा मोठा अभ्यास केला. ही विमानं खाजगी आणि हौशी उड्डाणांच्या ताफ्यात दहा टक्क्यांच्या आसपास, पण २०११ मधल्या अपघातांत त्यांचा वाटा १५ टक्के आणि जीवघेण्या अपघातांत २१ टक्के. तेव्हा घरी बांधलेलं विमान कारखान्यातल्याइतकंच सुरक्षित असतं, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मात्र त्याच अभ्यासात दुसरंही दिसतं. धोका सगळीकडे सारखा पसरलेला नाही. तो दोन ठिकाणी दाटलेला आहे: नव्या विमानाची पहिली उड्डाणं, आणि जुनं विमान नव्या मालकाच्या हाती आल्यानंतरची पहिली उड्डाणं. कारणांत इंजिन बंद पडणं आणि विमानावरचा ताबा जाणं ही दोन पुढे. म्हणजे जिथे विमान आणि माणूस एकमेकांना अनोळखी आहेत तिथे. २०१४ पासून तिकडे सुरुवातीच्या चाचणी उड्डाणांत जाणकार दुसरा वैमानिक शेजारी बसवायची मुभा दिली, ती याच विचाराने. पुन्हा तीच दुसरी नजर.

कारखानासुद्धा काही सोवळा नसतो बरं. अशा किटचं सगळ्यात मोठं नाव म्हणजे अमेरिकेतली व्हॅन्स एअरक्राफ्ट. त्यांनी काही भाग लेझरने कापून घेतले, भोकांच्या कडांना भेगा दिसायला लागल्या, हजारो भाग बदलून द्यायची वेळ आली, आणि डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीला दिवाळखोरीच्या संरक्षणासाठी अर्ज करावा लागला. पुढच्या वर्षी ती त्यातून बाहेर पडली. गॅरेजमध्ये वाकून वाकून बघणाऱ्या गिऱ्हाइकांनी बोंब मारली नसती तर त्या भेगा पंखात बंद होऊन आकाशात गेल्या असत्या.

आता उडवायला शिकण्याबद्दल. इथे मात्र माझा स्वतःचा छोटा पोपट झालेला आहे. तीन वर्षांपूर्वी मी एका फ्लाइंग स्कूलला फोन केला (नाव कशाला सांगा). म्हटलं, खाजगी वैमानिकाचा परवाना काढायचाय, हौस म्हणून. पलीकडून विचारणा: "काका, मुलासाठी का?" मी म्हटलं नाही, माझ्यासाठी. शांतता. मग: "पण सर, त्याने नोकरी लागत नाही." त्या बिचाऱ्याची चूक नाही. आपल्याकडे उडायला शिकायचं ते एअरलाइनमध्ये जायला. दोनशे तास, व्यावसायिक परवाना, पन्नास लाखांच्या आसपासचा खड्डा आणि बँकेचं कर्ज. हौशीचा चाळीस तासांचा परवाना कागदावर आहे, तो मागायला येणारा माणूस मात्र त्यांना गिऱ्हाईक वाटत नाही. पुण्यात तर लोहगाव हवाई दलाचं, तिथे तुमच्या-माझ्या चकरांना जागा नाहीच.

माझं उडण्याचं जे काही शिक्षण झालं ते हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर, तेही तीन-चार सकाळी, नोकरी लागायच्या आधी. इंजिन नाही. जमिनीवरच्या विंचला बांधलेली लांब तार, ती ओढली की नाक वर करून ग्लायडर सुटतं, वर पोचलं की तार सोडायचा खटका, एक खट्ट आवाज, आणि मग फक्त वारा. खाली कालव्याची रेघ आणि उसाचे तुकडे (तेव्हा होते). पाच-सहा मिनिटांत पुन्हा जमिनीवर. ते सगळं विसरायला झालंय, पण एक गोष्ट लख्ख आठवते. उडण्याआधी प्रशिक्षक मला दांडा हलवायला सांगायचे आणि स्वतः पंखापाशी जाऊन ती हलणारी फळी हाताने घट्ट धरायचे. मी दांडा दाबायचा, त्यांनी अडवायचं. जोर पोचतोय का, जोडणी खरंच जोडलेली आहे का, हे पाहायचं. फळी नुसती हलताना दिसली तर त्यांचं समाधान व्हायचं नाही. रोज. दर उड्डाणाआधी नव्हे, पण रोज सकाळी नक्की. एकाने हलवायचं, दुसऱ्याने धरायचं. एकट्याने करताच येत नाही अशी ही तपासणी आहे.

देखभाल म्हणजे दुसरं काय असतं? तेलाचा फिल्टर कापून त्याच्या घड्या उलगडायच्या आणि धातूचे कण दिसतात का बघायचं. रोज सकाळी टाकीच्या तळातून थोडं इंधन काचेत घेऊन पाणी आहे का बघायचं. प्रत्येक नट घट्ट केल्यावर त्यावर आणि पत्र्यावर मिळून रंगाची एक रेघ मारायची. पुढे रेघ मोडलेली दिसली तर नट फिरलाय. आणि हे सगळं वहीत लिहायचं. इंधनाचंच घ्या. छोट्या विमानांत लोकप्रिय असलेलं रोटॅक्सचं इंजिन गाडीच्या पेट्रोलवर चालतं म्हणून शेठ खूश होता. पण त्या इंजिनाला दहा टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालतं, आणि आपल्या पंपांवर २०२५ पर्यंत ते वीस टक्क्यांवर गेलं. विमानाचं खास पेट्रोल २०२२ पासून आपल्याकडे बनतं, आधी बाहेरून यायचं. पण ते भोसरीच्या पंपावर मिळत नाही. हे असले बारकावे एकट्या माणसाला गूगलवर रात्री दोन वाजता सापडतात, किंवा सापडत नाहीत.

वहीवरून आठवलं. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं, हा वाद आपल्याकडे दर दोन वर्षांनी उकळतो. मला विचाराल तर त्यावर विश्वास ठेवण्याजोगं काही नाही. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा आधार दिला जातो, ते १९७४ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी तपासलं, आणि त्यातली विमानं उडू शकत नाहीत असं सांगितलं. पण मला खटकतं ते वेगळंच. राईट बंधू उडाले बारा सेकंद, एकशेवीस फूट. त्याचा फोटो आहे, डायरी आहे, किनाऱ्यावरच्या बचाव केंद्राची माणसं साक्षीला होती. तळपदे खरोखर वाळूवर काही घेऊन गेले असतील, दोन फूट उचललंही गेलं असेल, कोण जाणे! पण वही नाही. बघून लिहून ठेवणारा दुसरा माणूस नाही.

तर माझी मागणी फार मोठी नाही. स्वतःच्या आराखड्याचं सहा आसनी विमान बाजूला ठेवू, ती वेगळी लढाई आहे. जगात शेकड्यांनी उडालेल्या, माहितीतल्या किटचं, फार तर दोन आसनी विमान. प्रत्येक भाग बंद करायच्या आधी मान्य निरीक्षकाची सही आणि फोटो. पहिले चाळीस तास वस्तीपासून लांब, धुळे किंवा बारामतीसारख्या धावपट्टीवरून. प्रवासी नाही, भाडं नाही. आणि निरीक्षक कुठून आणायचे, असं विचारू नका. धानोरी, विश्रांतवाडी, लोहगावात हवाई दलातून निवृत्त झालेले तंत्रज्ञ गल्लोगल्ली आहेत. उभं आयुष्य लॉकवायर पिळण्यात गेलेलं, आता सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवरून भांडतायत. नागरी विमान खात्याने यांची परीक्षा घ्यावी, यादी करावी, आणि त्यांच्या सहीला किंमत द्यावी.

श्रीमंतांचे चोचले, असं माझी बायको म्हणते. इंजिनासकट हिशेब कोटीच्या पुढे जातो, त्यामुळे मुद्दा अगदीच खोटा नाही. पण शेठने टूलरूम विकून विमान करायला काढलेलं नाही, आणि कोणी सरकारकडे पैसेही मागत नाहीये. मागणी फक्त बघणाऱ्या माणसाची आहे. ती नाही म्हणून लोक बांधायचे थांबत नाहीत. ते गच्चीवर, गाळ्यात, शेतातल्या शेडमध्ये एकटे बांधतात, आठ इंग्रजी आकड्यासारख्या भोकात वरच्या साइजचा रिव्हेट घालतात आणि पुढे जातात. मग एखादा सुटतो, त्याचा आपण सत्कार करतो.

असो. शेठने आता एक रजिस्टर केलंय. दुकानाच्या खतावणीचंच, लाल कापडी पाठीचं. तारीख, भाग, काय केलं, कोणी धरलं, आणि शेवटचा रकाना: तपासणी. गेल्या शनिवारी त्याने ते माझ्यापुढे सरकवलं. नव्या स्पारचे सगळे रिव्हेट मी पाहिले होते. दोन मला जरा जास्त चेपलेले वाटले, गेजमध्ये मात्र बसत होते. तो म्हणाला, ओके लिही. मी ओके लिहिलं नाही. मी लिहिलं 'पाहिले', खाली सही केली आणि त्या दोन रिव्हेटचे नंबर लिहिले. तो काही बोलला नाही. चहा मागवला.

पुढच्या शनिवारी रडरचा सांगाडा बंद करायचाय. सकाळी आठला बोलावलंय, आणि चष्मा विसरू नकोस असं दोनदा बजावलंय.